खापऱ्या कोणाचा

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन अमरावतीला झालं. दवाखान्यातून ती अकोल्याला न जाता माझ्याकडेच आली. त्याच हिवाळ्यात माझ्या मुलीला एका ॲनिमेशन मालिकेचं वेड लागलं होतं. घरात टीव्ही बिघडलेला, म्हणून मुलगी तिचा टॅब घेऊन आजीच्या पलंगावर जाऊन बसायची, आणि पाय लांब करून पडलेल्या आजीला दुसरीकडे बघायला जागाच नव्हती. सुरुवात अशी झाली.

मी नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात तपासणी विभागात आहे. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी तीच परत. नवऱ्याचीही नोकरी. त्यामुळे आईच्या सोबतीला मोठाई रोज ऑटोने यायची. मोठाई ही आईची थोरली बहीण, अमरावतीतच मुलाकडे राहते. आता एक गोष्ट इथेच सांगून टाकते. मला जन्म दिला मोठाईनं, आणि वाढवलं आईनं. आईला मूल नव्हतं. मी पाळण्यातली असतानाच अकोल्याला गेले आणि तिथलीच झाले. हे गुपित कधीच नव्हतं. मला समजायला लागलं तेव्हापासून ठाऊक होतं, आमच्या गल्लीलाही ठाऊक होतं. फक्त त्यावर कोणी बोलत नसे. मोठाईला माझ्याआधी दोन मुली, माझ्यानंतर मुलगा. त्यामुळे मी मनातल्या मनात समजून चालले होते की तिसरीही मुलगीच झाली म्हणून मला देऊन टाकलं असणार. कोणावर राग नव्हता. दोन्हीकडे माझे लाडच झाले. पण तो समज होता, आणि तो मी कधी बोलून दाखवला नव्हता.

मालिका परदेशातली. भाषा इंग्रजी, त्यामुळे मुलगी प्रत्येक वाक्य थांबवून आज्यांना मराठीत सांगायची. धुक्यानं भरलेल्या एका सरोवराकाठचं राज्य आहे. तिथे एक राणी आहे. सरोवरातल्या एका नावाड्याची मुलगी आहे. ती मोठ्या बगळ्यावर बसून उडते आणि सगळ्यांना वाचवते. आणि एक खलनायक आहे. अर्ध्या चेहऱ्यावर भाजलेल्या मातीचा मुखवटा घालतो आणि ज्याला हात लावेल त्याची राख करतो. त्याचं मूळ नाव आज्यांच्या जिभेवर बसेना. आईनं पहिल्याच दुपारी त्याचं बारसं करून टाकलं: खापऱ्या.

मी बसमधून उतरून घरात पाय ठेवला की चहाआधी बातम्या मिळायच्या.

"आज खापऱ्यानं राणीच्या पुलाची राख केली," आई सांगायची.

"पण थ्या पोट्टीले हात लावायची हिंमत झाली नाई त्याची," मोठाई पुढे जोडायची. "बगळ्यानं असं पाह्यलं त्याच्याकडं."

नवऱ्यानं पहिल्या आठवड्यात मला बाजूला घेऊन विचारलं होतं, हा खापऱ्या कोण, मोठाईच्या शेजारी राहतो का.

फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी आईला गुडघा दिवसातून अनेकदा वाकवायला सांगितलं होतं. आई एरवी दोनदा वाकवून कण्हायला लागायची. मुलीनं नियम काढला: खापऱ्या पडद्यावर आहे तोवर पाय हलता ठेवायचा. खापऱ्या दिसायचाही पुष्कळ. आईचा गुडघा इतका लवकर वळायला लागला की मॅडम चकित झाल्या आणि काय करता म्हणून विचारू लागल्या. आईनं सांगितलं, "एका बदमाशाच्या मागं लागलो आहो."

मग तो प्रश्न आला. खापऱ्या लहानाचा मोठा झाला दलदलीच्या कडेच्या एका वीटभट्टीवर, भट्टीवाल्या बाईच्या हाताखाली. पण त्याचे आईबाप कोण, हे मालिका काही केल्या सांगत नव्हती. नुसत्या खुणा टाकत होती. एकदा त्याचा आवाज ऐकून राणीच्या हातातला पेला पडला. एकदा तो एकटा बसून जी चाल गुणगुणत होता, तीच राणी गुणगुणते. भट्टीवालीच्या पेटीत रेशमाचा एक तुकडा आहे. मुलीनं आम्हाला समजावलं की या मालिकेचे चाहते जगभर आहेत आणि पुढचा भाग येईपर्यंत तर्क लढवणं हाच त्यांचा धंदा. तीही अशा एका ग्रुपमध्ये होती. काहींच्या मते खापऱ्या राणीच्या हद्दपार भावाचा मुलगा. काही म्हणत, राणीचाच. आणि एका मोठ्या गटाचं ठाम मत होतं की तो सरोवराच्या तळाशी झोपलेल्या नागिणीचं पिल्लू आहे, म्हणून त्याला आग बाधत नाही.

मोठाईनं हे शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नागीन अंडे देते. याले बेंबी हाय."

"कुठे आहे बेंबी?" मुलीनं विचारलं.

"तळ्यात आंघोळ करून राहिला होता थो, तवा पाह्यली मी."

मुलीनं तो भाग शोधून काढला, चित्र थांबवलं, मोठं केलं. बेंबी होती. तिनं ते चित्र ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं की माझी मोठी आजी असं म्हणते. संध्याकाळपर्यंत नागिणीच्या पक्षातले लोक आपसात भांडत होते. कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी लिहिलं की आजींना आमचा नमस्कार सांगा. मोठाईनं ते सगळं वाचून घेतलं आणि म्हणाली, "इतके शिकलेले लोकं, अन् बेंबी नाई दिसली कोणाले." मग स्वतःच हसत सुटली, कारण आईनं तिला आठवण करून दिली की तीही पहिल्या दिवशी बगळ्याला बदक म्हणत होती.

नागीण बाद झाली आणि दोन बहिणींचे दोन पक्ष पडले. मोठाई म्हणे, खापऱ्या राणीचा. आई म्हणे, खापऱ्या भट्टीवालीचाच, तिच्याच पोटचा, बाकी सगळं लोकांना खुळवायला.

"थे बाई त्याले जेवाले वाढते तवा पाह्य," आई म्हणायची. "आधी त्याच्या ताटात पाह्यते, मंग त्याच्या तोंडाकडं. पोटची माय असंच पाह्यते."

"तू काय पोटची होती का व?" मोठाई म्हणायची. "तूबी तं असंच पाह्ये हिच्या ताटात." आणि माझ्याकडे हात करायची. आई मुलीला भट्टीवालीची पेटी परत दाखवायला लावायची. विषय पुन्हा रेशमाच्या तुकड्यावर जायचा.

मी हे सगळं बसमध्ये सांगायची. आमच्या विभागातल्या बाया आधी माझ्यावर हसल्या, मग रोज विचारायला लागल्या. ज्यांनी मालिकेचं एक चित्र पाहिलं नव्हतं त्याही मत द्यायच्या. एकजण म्हणाली, मुखवटा आहे ना, मग चेहरा बापावर गेला असेल, बाप शोधा. हे मी घरी सांगितलं तर मोठाईला पटलं नाही. "बापाचं कोण पाह्यते," म्हणाली.

पुढचं घडलं ते माझ्या सुट्टीच्या दिवशी. मी पलंगाच्या पायथ्याशी मेथी निवडत बसले होते. नवा भाग आला होता आणि त्यात जुन्या काळचा एक प्रसंग होता. दाट धुकं. डोक्यावरून शाल घेतलेली एक बाई येते, भट्टीच्या दारात एक बाळ ठेवते आणि धुक्यात दिसेनाशी होते. बाईचा चेहरा दाखवला नाही, पण शाल रेशमाची होती.

"म्हणजे राणीच आहे," मुलगी म्हणाली. "राणीनेच टाकून दिलं त्याला."

"टाकलं नोको म्हणू," मोठाई म्हणाली. "देल्लं म्हण."

"देल्लं काय त्याच्यात?" आई म्हणाली. "दारात ठेवून पळून गेली थे. देणारी असं देत असते का?"

"मंग कसं देत असते?"

"तुले नाई माईत, बाई?"

आई थोरल्या बहिणीला बाईच म्हणते. ती हे सहज बोलून गेली. टॅबवर धुकं तसंच थांबलेलं. माझ्या हातात मेथीची जुडी होती, ती मी उगाच उलटीपालटी केली. आणि माझ्या तेरा वर्षांच्या मुलीनं, जिला ही गोष्ट सगळ्यांइतकीच ठाऊक होती पण ती बोलायची नसते हे कोणी शिकवलं नव्हतं, सरळ विचारलं, "मम्मीला कसं दिलं होतं?"

मला वाटलं, आता मोठाई पदर डोळ्यांना लावेल. पण आधी आईला हसू आलं. तिनं तोंडावर हात धरला आणि तिचे खांदे हलायला लागले. तिच्याकडे पाहून मोठाईलाही.

"सांग ना," आई म्हणाली. "तूच सांग. तुलेच लय बोलता येते."

मोठाईनं मांडी सावरली. "हे पोटात होती तवाच देल्ली होती मी. तुही आजी आली होती दिवाळीले, अन् रडून राहिली होती अंगणात. मी म्हनलं, रडू नोको, हे जे हाय थे तुहं. माह्यी सासू म्हणे, पोरगा झाला तं? मी म्हनलं, पोरगा झाला तं पोरगा. थे चार दिवस बोलली नाई माह्याशी."

"खरं आहे का हे?" मी आईला विचारलं.

"खरं नाई तं काय. मीच म्हनलं होतं तिले, थांब व, आधी होऊ तं दे. तं मलेच झापलं."

माझ्या तोंडून मग निघूनच गेलं. "म्हणजे तिसरी पण मुलगी झाली म्हणून नाही?"

मोठाईनं माझ्याकडे पाहिलं. कपाळाला आठी पडली. "कोण म्हनलं तुले असं?"

"कोणी नाही म्हटलं."

"मंग तुह्याच डोक्यातलं हाय थे. काढून टाक."

एवढंच. तिनं मला जवळ घेतलं नाही, मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं नाही. ती पुढे सांगायलाच लागली, कारण मुलगी "मग? मग?" करत होती. इतकी वर्षं मी जे धरून बसले होते ते वरणातला खडा काढावा तसं तिनं काढून बाजूला ठेवलं. मला एकदम भूक लागल्यासारखं झालं, खरंच, आणि मी निवडलेल्या मेथीकडे पाहत बसले.

दोघींनी मिळून सांगितलं ते असं: मला अकोल्याला पोचवायला म्हणून मोठाईही आईसोबत एसटीत बसली होती. मूर्तिजापूरला गाडी चहापाण्याला थांबली. मी रडायला लागले. मोठाईनं मला पदराखाली घेतलं, आई शेजारी बसून दुपट्यानं वारा घालत होती. समोरच्या बाकावरच्या बाईनं विचारलं, लेकरू कोणाचं?

"आमी दोघी एकदमच बोललो," आई म्हणाली. "माहं."

"थे बाई म्हणे, असं कसं बाप्पा?" मोठाई म्हणाली. "आमाले हसू आवरेना. तं तिले वाटलं, ह्या दोघी लेकरू पळवून नेऊन राहिल्या. कंडक्टरले सांगाले गेली थे."

कंडक्टर आला, त्यानं दोघींचे चेहरे पाहिले, हुबेहूब सारखे, आणि निघून गेला. अकोल्याला उतरल्यावर मोठाई दुसऱ्या दिवशी परत फिरणार होती. पण आईला बाळाला न्हाऊ घालता येत नव्हतं, म्हणून ती राहिली. मग आईला ताप आला, म्हणून राहिली. मग कशासाठी राहिली ते दोघींनाही आठवत नव्हतं. माझे बाबा, म्हणजे अकोल्याचे, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. त्यांनी एक दिवस जेवताना म्हटलं होतं की मला एक लेकरू येणार सांगितलं होतं, घरात तर दोन बाया रडतात आणि लेकरू झोपून राहते.

"मग परत कशी गेली?" मुलीनं विचारलं.

"तुह्या मोठ्या आजोबाचे पत्र आले," मोठाई म्हणाली. "घरी दोन पोट्ट्या होत्या ना माह्या. गेली मंग. ही दारात उभी. मले म्हणे, बाई, तू मागं वळून पाह्यजो नोको, नाईतं मी देईन परत. म्हणून नाई पाह्यलं."

आई म्हणाली, "पाह्यलं होतं. मोर्णेच्या पुलावर टांगा थांबला होता तुहा. शेजारच्या चाचीनं सांगतलं मले."

मोठाईनं पदर सारखा केला. टॅबकडे बोट करून मुलीला म्हणाली, "चाल, लाव पुढचं." त्या दिवशी पहिल्यांदा मीही पलंगावर चढून बसले. चौघी एका पलंगावर, आईच्या ऑपरेशनच्या पायाला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून. मेथीचं सायंकाळी नवऱ्यानं पाहिलं.

मुलीनं ग्रुपवर आपलं आधीचं लिहिलेलं बदललं. राणीनं बाळ टाकलं असं होतं तिथे दिलं असं केलं, आणि खाली लिहिलं की माझ्या घरात या दोन शब्दांत फरक करतात. त्यावर तिला खूप उत्तरं आली. एकीनं लिहिलं होतं की तिची आजीसुद्धा तिच्या आत्याबद्दल टाकली नाही, दिली असंच म्हणते. मुलीनं ते मला वाचून दाखवलं, आज्यांना नाही; त्या तेव्हा भाजीवाल्याशी भांडत होत्या.

आई काठीशिवाय चालायला लागली तशी अकोल्याला गेली. शेवटचा भाग यायचा होता तो उन्हाळा लागायच्या बेतात. मोठाईनं जाहीर केलं की हा भाग फोनवर ऐकायचा नाही. निकाल आहे, दोन्ही पक्ष हजर पाहिजेत. म्हणून एका रविवारी मी, मुलगी आणि मोठाई सकाळच्या गाडीनं अकोल्याला निघालो. मोठाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

आमचं घर जुन्या शहरात. शेजारच्या चाचीकडे मोठा टीव्ही आणि इंटरनेट, म्हणून बैठक तिच्याकडे भरली. आईनं तिला अख्खी मालिका तोंडी सांगून तयार केलं होतं. चाचीचा स्वतःचा तिसरा पक्ष होता: खापऱ्या राणीच्या भावाचा. "भतीजा है," ती प्रत्येकाला सांगत होती. "शकल नहीं देखते तुम लोग." बाबाही आले, दाराशी खुर्ची घेऊन बसले, म्हणाले मला यातलं काही समजत नाही, मी फक्त ऐकतो.

शेवट असा झाला. भर दरबारात खापऱ्या मुखवटा काढतो आणि सांगतो की मी राणीचा मुलगा, गादी माझी. राणीही मान खाली घालते, तिलाही तसंच वाटत असतं. तेवढ्यात भट्टीवाली बाई काठी टेकत येते आणि सगळ्यांसमोर त्याच्या पाठीत धपाटा घालते. म्हणते, तू माझा आहेस, मीच तुला भट्टीशेजारी जन्म दिला. दारात ठेवलं होतं ते बाळ वेगळं होतं. ती मुलगी होती, आणि माझ्या पदरात आधीच एक होतं म्हणून ती मी नावाड्याला दिली.

म्हणजे बगळ्यावरची पोरगी राणीची.

माझ्या मुलीचं तोंड उघडंच राहिलं; इतक्या सगळ्या जगानं खापऱ्याकडेच पाहिलं होतं, त्या पोरीकडे कोणीच नाही. मग पडद्यावर परत ते धुकं आलं, आणि यावेळी दिसलं की बाळ ठेवून ती बाई गेलीच नव्हती. वेताच्या झाडीआड बसली होती, दार उघडून भट्टीवालीनं बाळ उचलेपर्यंत.

"पाह्यलं?" मोठाई म्हणाली. "पळाली नोती."

"नोती पळाली," आईनं मान्य केलं. "पण खापऱ्या भट्टीवालीचाच निघाला."

"राणीनं लेकरू देल्लं होतं हे तं खरं ना?"

"लेकरू खरं. पण खापऱ्या नाई."

दोघी जिंकल्या होत्या आणि दोघींना ते पुरत नव्हतं. चाची मात्र हरली. ती म्हणाली की बनवणाऱ्यांनीच चूक केली, आणि उठून शेवयांचं पातेलं घेऊन आली. बाबांनी दाराशी बसल्या बसल्या विचारलं की मग त्या नावाड्याचं काय, त्याला कोणी काही विचारलं का. तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की नावाडी दरबारात एका कोपऱ्यात उभा होता आणि पूर्ण भागात त्याला एकही वाक्य नव्हतं. मुलीनं लगेच ते ग्रुपवर लिहिलं. मी बाबांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी आपल्या वाटीतल्या शेवया माझ्या वाटीत घातल्या.

दुपारी आमच्या मागच्या मोकळ्या जागेत गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजले होते, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. रोडग्यांना तूप घालताना आईनं मोठाईला एक पळी जास्त घातलं, मोठाईनं ते पाहून आपल्यातला अर्धा रोडगा आईच्या ताटात ढकलला, आणि गुडघ्याला तूप चालते की नाही यावर नवं भांडण सुरू झालं.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. मुलगी खिडकीशी बसली होती. मग तिनं मोठाईला विचारलं, "मोठ्या आजी, आता ती मुलगी राजवाड्यात राहायला जाईल का?"

"काहून जाईन?" मोठाई म्हणाली. "तिचं घर नावेवर हाय. राणीनं येत जावं अधूनमधून, जेवून जात जावं."

मग तिनं चपला काढल्या, पाय वर घेतले आणि मला म्हणाली की पोरी, पिशवीतले शेंगदाणे काढ, बडनेऱ्यापर्यंत पुरवायचे आहेत.